फ्लॅटचा भाव : बोलवा वेगळी, दस्त वेगळा

हल्ली कापड बाजारात चार माणसे चहाला बसली की बोलणे सुताच्या भावावरून सुरू होते आणि फ्लॅटच्या भावावर येऊन थांबते. अमक्या इमारतीत इतका भाव झाला, तमक्या टॉवरमध्ये त्याहून दोन हजार जास्त मागतात, मागच्या ईदपूर्वी घेतला असता तर आज इतका मुनाफा झाला असता. मात्र त्या चौघांपैकी एकानेही झालेल्या सौद्याचा कागद पाहिलेला नसतो. दलालाने सांगितले, मेहुण्याने ऐकले, आणि तोच त्या इमारतीचा भाव ठरला.

आपण व्यापारी माणसे. सुताचा भाव किलोमागे रुपयाने हलला तर भिवंडीच्या यंत्रमाग कारखानदाराला त्याच दिवशी कळते. ग्रे कापडाचा ताका हातात घेतल्यावर पन्हा किती, वजन किती, धुतल्यावर किती आटेल हे विचारल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. आणि तोच माणूस वीस-पंचवीस वर्षांची कमाई एका फ्लॅटमध्ये घालताना पन्हाही विचारीत नाही आणि आटही विचारीत नाही! या लेखात मला नेमके याच विषयावर बोलायचे आहे. राहण्यासाठी घर घेण्याला कोणाचाच विरोध असू शकत नाही. परंतु धंद्याचे चालू भांडवल काढून ते मुंबईतील एखाद्या इमारतीतील बंद फ्लॅटमध्ये गुंतविण्याची जी लाट आपल्या व्यापारी व कारागीर वर्गात आली आहे, ती बोलवेवर उभी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम पन्ह्याची गोष्ट. दलाल म्हणतो, ‘‘शेठ, हजार फुटांचा फ्लॅट आहे, १५ हजारांचा भाव आहे.’’ म्हणजे दीड कोटी. हे हजार फूट ‘सुपर बिल्टअप’ असतात. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, भिंतींची जाडी, कधी कधी वॉचमनची केबिनही तुमच्या वाट्याला धरलेली असते. घरात टेप लावला तर निघतात ६४० फूट. मग खरा भाव १५ हजार नसून २३,४०० च्या वर झाला. शेजारच्या इमारतीत दुसरा प्रामाणिकपणे सांगतो की माझा फ्लॅट ६४० फूट कार्पेट आहे आणि भाव २१ हजार आहे, तर आपण त्याला महाग म्हणून सोडून देतो. त्याचे होतात १ कोटी ३४ लाख ४० हजार. म्हणजे जो महाग वाटला तोच साडेपंधरा लाखांनी स्वस्त होता.

बिल्डरने फ्लॅट कार्पेटवरच विकला पाहिजे असा बदल महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यात २००८ साली झाला. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. त्यात कार्पेटची व्याख्याच बांधून दिली आहे. घराच्या आतील पडभिंती त्यात धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची धरायची नाही. नवीन प्रकल्पात त्यामुळे बरीच शिस्त आली. पण जुन्या इमारतीतील फेरविक्रीच्या सौद्यात आजही तोंडी भाव सुपर बिल्टअपवरच बोलला जातो. त्यामुळे दोन इमारतींच्या भावांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींचा पन्हा एक करून घ्यावा.

दस्त कसा वाचावा

आता झालेल्या सौद्याचा कागद. महाराष्ट्रात प्रत्येक नोंदविलेल्या खरेदीचा एक गोषवारा तयार होतो, त्याला ‘सूची क्रमांक २’ किंवा बाजारात ‘इंडेक्स टू’ म्हणतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही शोधून पाहता येतो. इमारत ठरवायची, तिचा सि.टी.एस. किंवा सर्व्हे नंबर घ्यायचा आणि वर्षवार शोधायचे. दहा इमारतींबद्दलच्या गप्पांपेक्षा एका इमारतीचे पाच कागद जास्त सांगतात.

अडचण अशी की हा कागद सरकारी मराठीत असतो. माझ्यासारखे जे उर्दू माध्यमातून शिकले आणि मराठी दुकानात गिऱ्हाइकांकडून शिकले, त्यांना ही भाषा परकी वाटते आणि कागद न वाचताच वकिलाच्या किंवा दलालाच्या हाती दिला जातो. खरे तर कामाचे शब्द पाच-सहाच आहेत. ‘मोबदला’ म्हणजे ज्या किमतीला सौदा झाला ती रक्कम. ‘बाजारभाव’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. तो बाजारातला भाव नव्हे, सरकारने दरवर्षीच्या दरतक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून काढलेली किंमत होय. दोन्हींपैकी जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसते. ‘क्षेत्रफळ’ बहुधा चौरस मीटरमध्ये असते. त्याला १०.७६४ ने गुणले की फूट निघतात. ते कार्पेट आहे की बिल्टअप हे वर्णनात पाहावे लागते. ‘दस्त नोंदणी केल्याचा दिनांक’ पाहावा, कारण दोन वर्षांपूर्वीचा सौदा आजचा म्हणून सांगणारे कमी नाहीत. शेवटी ‘विलेखाचा प्रकार’. करारनामा, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यांतले काय आहे? वडिलांनी मुलाला दिलेल्या फ्लॅटचे बक्षीसपत्र पाहून ‘या इमारतीत भाव कोसळला’ असा निष्कर्ष काढणारे महाभागही पाहिले आहेत. जाता जाता एक सूचना. ‘चटई क्षेत्र’ म्हणजे कार्पेट आणि ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणजे एफ.एस.आय. शब्द जवळचे आहेत, पण अर्थ फार लांबचे.

कागद मिळाले तरी ते जपून वाचावे लागतात. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत वर्षाला दोन किंवा तीन सौदे होतात. एका वर्षी पहिल्या मजल्यावरचे, मागच्या गल्लीकडे तोंड असलेले दोन फ्लॅट विकले गेले आणि दुसऱ्या वर्षी अकराव्या मजल्यावरचा, पार्किंगसह एक विकला गेला, तर सरासरी भाव वीस टक्क्यांनी चढलेला दिसेल. प्रत्यक्षात इमारतीचा भाव तसूभरही हललेला नसेल. ताका तोच, फक्त यंदा काठ विकला आणि गेल्या वर्षी कटपीस. म्हणून मजला, दिशा, पार्किंग आणि घराची अवस्था सारखी असलेल्या फ्लॅटशीच तुलना करावी, आणि एका सौद्यावर कधीही भाव ठरवू नये. एखाद्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी घाईने विकावे लागते. एखादा शेजारची भिंत पाडून दोन घरे एक करायची म्हणून जास्तीचे पैसे मोजतो. हे दोन्ही भाव त्या माणसांचे असतात, इमारतीचे नसतात.

आणखी एक बाब, जी उघडपणे बोलली जात नाही. पूर्वी फ्लॅटच्या सौद्यात चेकचा भाग आणि रोखीचा भाग असे दोन भाग असत हे बाजारात सर्वांना माहीत आहे. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास बंदी आली. २०१६ साली नोटाबंदी झाली. ५० लाख किंवा त्यावरील सौद्यात खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा नियम तर २०१३ पासूनच आहे. या सर्वांमुळे कागदावरची रक्कम खऱ्या रकमेच्या जवळ आली. आता २०११ चा दस्त आणि २०२४ चा दस्त शेजारी ठेवून कोणी म्हणेल की भाव अडीचपट झाला, तर त्यातला काही भाग भावाचा नसून उजेडात आलेल्या रोखीचा आहे. जुन्या दस्ताची तुलना करताना एवढे ध्यानात ठेवावे.

‘भाव कधी पडत नाही’ हे खरे आहे काय?

फ्लॅटचा भाव पडत नाही असे सांगणारा माणूस एक तर तरुण असतो किंवा दलाल. ज्यांनी १९९० चे दशक पाहिले आहे त्यांना आठवत असेल की १९९२ ते १९९५ या काळात मुंबईतील भाव कसे चढले होते. लोक करार हातात पडताच पुढच्याला विकत होते. १९९५-९६ नंतर हवा उतरली आणि भाव घसरत गेले. त्या शिखरावर ज्यांनी घेतले त्यांच्यापैकी अनेकांना आपली मूळ रक्कम पुन्हा दिसायला २००४-०५ नंतरची तेजी यावी लागली. मधल्या वर्षांची महागाई धरली तर तो तोटाच होय. पुढे २००८ च्या अखेरीस जगभराच्या मंदीत पुन्हा खरेदीदार गायब झाले, २००९ नंतर भाव चढले, आणि २०१३-१४ पासून २०२० पर्यंत बहुतेक ठिकाणी भाव जिथल्या तिथे राहिले. सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्के आणि मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के केले, तेव्हा नोंदणी कार्यालयात रांगा लागल्या आणि त्यानंतर पुन्हा तेजी आली. म्हणजे या मालातही हंगाम आहे. फरक इतकाच की कापडाचा हंगाम तीन महिन्यांचा आणि फ्लॅटचा हंगाम सात-आठ वर्षांचा. तीन महिने दम धरणारा व्यापारी आठ वर्षे दम धरू शकेल काय, हा प्रश्न आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा एखाद्याने २०१३ साली ६० लाखांचा फ्लॅट घेतला आणि २०२३ साली ९० लाखांना विकला. मोहल्ल्यात बातमी होते, ३० लाख कमावले! आता वही उघडा. घेताना ५ टक्के मुद्रांक शुल्क ३ लाख, नोंदणी फी ३० हजार, १ टक्का दलाली ६० हजार. म्हणजे गुंतवणूक झाली ६३ लाख ९० हजार. दरमहा ३ हजार मेंटेनन्स धरला तर दहा वर्षांत ३ लाख ६० हजार. विकताना पुन्हा दलाली ९० हजार. हाती उरले साडेपंच्याऐंशी लाख. वर्षाला पडले ३ टक्क्यांहूनही किंचित कमी. यात मालमत्ता कर, रंगकाम, गळती आणि प्राप्तिकर धरलेला नाही. फ्लॅट बंद न ठेवता भाड्याने दिला असता तर थोडे भाडे आले असते हे खरे, पण मुंबईत वर्षाचे भाडे फ्लॅटच्या किमतीच्या साधारण २ ते ३ टक्केच भरते. ज्या धंद्यात भांडवल वर्षातून तीन वेळा फिरते, त्यातून ते काढून येथे घालणाऱ्याने निदान ही वही एकदा मांडावी. आज खर्च त्याहून जास्त आहे, कारण मुंबईत मेट्रो अधिभारासह शुल्क ६ टक्के पडते. घर महिलेच्या एकटीच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत आहे. तिचा विचार आपल्याकडे फार थोडे लोक करतात.

अडकलेले भांडवल किती महाग पडते हे २०२० च्या टाळेबंदीत यंत्रमागाच्या गावांनी पाहिले. दुकानात उधारी अडकली, मजूर गावी गेले, आणि नावावर दोन-दोन फ्लॅट असलेल्या माणसाकडे सूत उचलायला पैसा नाही! फ्लॅट विकायला काढला तर सांगितलेला भाव फक्त कागदावर, विचारायला येणारा कोणी नाही. २०२४ पासून लघुउद्योगाचे देणे ४५ दिवसांच्या आत न दिल्यास ते त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे हाताशी रोकड असणे पूर्वीपेक्षाही जरुरीचे झाले आहे.

या ठिकाणी आपल्या समाजापुरती एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबे मुंबईच्या मिश्र वस्त्यांतून उठून मुंब्रा, मिरा रोड अशा ठिकाणी गेली. आजही पुष्कळ इमारतींत नाव ऐकल्यावर ‘फ्लॅट विकला गेला’ असे उत्तर मिळते. याचा अन्याय तर आहेच, पण भावावरही परिणाम आहे आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. घेताना थोड्या गल्ल्यांत पुष्कळ गिऱ्हाइके, म्हणून भाव चढा. विकताना मात्र आपलेच लोक गिऱ्हाईक, त्यांचा धंदा मंदीत असेल तर सर्वांचाच मंदीत, म्हणून उठाव नाही. ज्या मालाचे गिऱ्हाईक एकाच बाजारात आहे, त्याची जोखीम किती, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. यंत्रमागही त्याच गावात आणि फ्लॅटही त्याच गावात, म्हणजे दोन्ही अंडी एकाच टोपलीत.

याच गरजेचा फायदा अनधिकृत बांधकाम करणाऱ्यांनी घेतला. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७० हून अधिक माणसे मेली. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत तीन मजली इमारत रात्री झोपलेल्या माणसांवर पडली. अशा घरांचा भाव निम्मा असतो तो उगीच नसतो. भोगवटा प्रमाणपत्र नाही, मंजूर नकाशा नाही, कधी कधी दस्तही नोंदलेला नाही, केवळ नोटरीचा कागद आहे. त्या निम्म्या भावाला स्वस्त म्हणणे म्हणजे कुजलेल्या सुताचे कापड स्वस्त म्हणण्यासारखे आहे.

येथे आणखी एक मुद्दा येतो. आपल्यापैकी अनेक जण व्याजाचे कर्ज नको म्हणून बँकेकडे जात नाहीत. हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण व्यवहाराचा भाग असा की जो कर्ज घेतो त्याच्या वतीने बँकेचा वकील जुने दस्त तपासतो, बँकेचा मूल्यमापक इमारत पाहून किंमत ठरवितो, आणि कागद कच्चे असतील तर बँक नाही म्हणते. रोख पैसे देणाऱ्याला नाही म्हणणारा कोणीच नसतो. म्हणून आपण कर्ज घेत नसू तर ती तपासणी आपण स्वतः पैसे देऊन करून घेतली पाहिजे. तीस वर्षांचा शोध अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचे ना-हरकत पत्र, थकबाकी, आणि नोंदणीकृत मूल्यमापकाचा लेखी भाव. दीड कोटीच्या सौद्यात यासाठी तीस-चाळीस हजार लागले तर ते जड वाटू नयेत. आणि हे सर्व बयाणा देण्यापूर्वी. बयाणा दिल्यावर तपासणी करणे म्हणजे माल उतरवून घेतल्यावर ताका उघडणे.

आता जुनी इमारत की नवी, हा प्रश्न. साधारण समज असा की नवे ते महाग आणि जुने ते स्वस्त. पण मुंबईत वाढतो तो जमिनीचा भाव. विटा-सिमेंट तर दरवर्षी झिजतच असते. म्हणून विचारायचे ते हे की जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर अजून किती बांधता येते. सहकारी संस्था असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण झाले काय? पुष्कळ संस्थांच्या जमिनी तीस-तीस वर्षे बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावे आहेत. बिल्डर सही देत नसेल तर ‘मानीव अभिहस्तांतरण’ करून घेण्याची सोय कायद्यात आहे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल, ज्याला काँडोमिनियम म्हणतात, तर सामाईक जागेत तुमच्या फ्लॅटचा अविभक्त हिस्सा किती टक्के हे घोषणापत्रात लिहिलेले असते, ते पाहावे. ज्या चाळीस वर्षांच्या चार मजली इमारतीची जमीन संस्थेच्या नावावर आहे आणि एफ.एस.आय. शिल्लक आहे, तिचा फ्लॅट, सर्व एफ.एस.आय. वापरून उभ्या राहिलेल्या पंधरा वर्षांच्या टॉवरमधील फ्लॅटपेक्षा पुढे जास्त देऊन जाऊ शकतो. मात्र पुनर्विकासाच्या आशेवर भाव देणाऱ्याने हेही पाहावे की भेंडीबाजारासारखा, मोठ्या ट्रस्टने हाती घेतलेला पुनर्विकास २००९ मध्ये जाहीर होऊनही किती वर्षे चालला. लहान बिल्डरच्या हाती पडलेल्या इमारतींचे भाडेकरू संक्रमण शिबिरात म्हातारे झाले आहेत. ‘पगडी’च्या घरांचा तर हिशेबच वेगळा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पगडीच्या देण्याघेण्याला मान्यता दिली असली तरी घेणारा भाडेकरूच राहतो, मालक होत नाही. पगडीचा भाव आणि मालकीचा भाव एकाच ओळीत बोलणाऱ्यापासून दूर राहावे.

विकणाऱ्यांसाठी थोडेसे. २३ जुलै २०२४ पासून स्थावर मालमत्तेच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि महागाईच्या निर्देशांकाची सूट गेली. त्यापूर्वी घेतलेल्या मालमत्तेबाबत निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने २० टक्के निर्देशांकासह हिशेब करून जो कर कमी पडेल तो भरता येतो. दोन्ही हिशेब करून पाहावेत. दस्तातील मोबदला सरकारी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी दाखविला तर विकणारा आणि घेणारा दोघांवरही कर लागू शकतो. त्यामुळे ‘कागदावर थोडे कमी लिहू’ हे सांगणारा दलाल दोघांचाही मित्र नव्हे.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते, आणि ती अंमलात आणायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. ज्या इमारतीत आपले लोक राहतात तेथील संस्थेच्या सचिवाने एक साधी वही ठेवावी. कोणत्या महिन्यात कोणता मजला विकला गेला, कार्पेट किती, दस्तातला मोबदला किती, पार्किंग होते की नाही. नावे लिहिण्याची गरज नाही. प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी संस्थेकडे कागद येतोच, त्यातून चार आकडे उतरवून घ्यायला पाच मिनिटे लागतात. ज्या विधवेला पतीच्या मागे फ्लॅट विकायचा आहे, ज्या कारागिराला मुलासाठी वरच्या मजल्यावरची खोली घ्यायची आहे, त्याने दलालाकडे जाण्यापूर्वी ती वही मागावी. पाच वर्षांच्या बारा-पंधरा ओळी झाल्या की त्या इमारतीचा भाव कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. आणि जो सचिव हस्तांतरणासाठी २५ हजारांहून जास्त प्रीमियम मागतो, त्याला त्याच वेळी २००१ सालचा शासकीय आदेशही दाखवावा. त्याहून जास्त घेण्याचा अधिकार संस्थेला नाही.